तानीच्या तोंडावरची सावली

त्या दिवशी जांभळापाशी कोन कोन व्हतं ते आदी सांगते, मागनं कुनी म्हनायला नको का म्हातारीनं मनानं रचलं. तू व्हतीस, जनाबाय, माझी थोरली जाव. मी व्हते. मथी आत्या व्हती, आपली चुलत सासू. खर्डीकडच्या दोघी बहिनी व्हत्या, शेवंती आन् पारू. छत्री घेऊन फिरनारा मुकादम व्हता, त्याचं नाव मी घेत नाय. बाप्ये लोक टेकाडाच्या पलीकडं दगड फोडत व्हते, त्यांना काय दिसलं नाय. आन् झोळीत माझी तानी व्हती, चार महिन्यांची.

यातली मथी आत्या गेली, शेवंती गेली. पारूला आता ऐकू येत नाय. तानीला त्यातलं काय आठवनार. गेल्या मंगळवारी तू गेलीस, बाय. म्हंजे बघितलेलं सांगनारी मी एकलीच ऱ्हायले.

तुझ्या विलासनं तेराव्याला वाटायला कागद छापायला घातलाय. पुढच्या बाजूला तुझा फोटू, तू कुठली, कुनाची कोन, किती नातवंडं, सगळं हाय. मागची बाजू कोरी व्हती. मी म्हनलं, ती मला दे. "काकू, तू काय लिवनार," म्हनाला. म्हनलं, लिवनार नाय, बोलनार. तानीची पोरगी प्राची लिवून घेते. तिला सांगितलंय, "नाय"चं "नाही" करू नको, जनाबायला वळखू यायचं नाय कोन बोलतंय ते.

ते साल पान्याचं नव्हतं, बाय. घरातलं भात माघात सपलं. मुरबाडच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं म्हनून आपन आन् मथी आत्या, दोन्ही घरची मानसं गेलो. माळावर खोपटी घातली. तिथं सावलीचं लय हाल. मोहाची पानं गळलेली. ऐनाची झाडं राबासाठी छाटलेली, नुसते सोट उभे. राब म्हंजे काय ते शेरातल्या पोरांना ठाव नसंल, म्हनून सांगते. झाडाच्या फांद्या छाटून वाळवायच्या, शेतात पसरून भाजायच्या आन् त्या भाजलेल्या जागंत भाताचं बी टाकायचं. म्हनून आमच्याकडं ऐन उन्हाच्या दिवसात झाडं उघडीबोडकी. त्या सगळ्या माळावर एकच जांभूळ व्हतं पानांचं. आन् एक पत्र्याची शेड व्हती, तिच्यात शिमिट ठेवलेलं. मी एकदा मुकादमाला इचारलं, पोरीला तिथं ठेवू का. म्हनला, "शिमिटाजवळ पोरं नकोत." शिमिटाला सावली व्हती.

जांभळाच्या फांद्या उंच, झोळी बांधायला हात पोचायचा नाय. मंग तीन बांबू जमिनीत पुरून वर बांधायचे आन् त्याला लुगड्याची झोळी. मी ती झोळी सकाळी जिथं दाट सावली व्हती तिथं बांधली, उंच बांधाच्या अंगाला. दुपारी पाजलं, पुन्ना तिथंच निजवलं. आता तू म्हनशील एवढं कसं कळलं नाय. बाय, माझ्या माहेरी घराच्या मागं डोंगर. उन्हं कलली का डोंगराची सावली अंगनात यायची आन् रात पडंतवर हलायची नाय. दुपारनंतर सावली दुसरीकडं जाते हे मला ठावच नव्हतं. मला वाटायचं सावली एकदा आली का आलीच.

तीनच्या सुमाराला मी खालती खड्ड्यात पाटी भरत व्हते. तू वर व्हतीस. वरनं पाटी फेकल्याचा आवाज आला. बघते तर तू पळतीयास. मुकादम वरडला, "ए, पाटी कुनाच्या बापाची हाय?" तू मागं वळून बघितलं नाय. मी वर चढून आले तवर तू झोळीपाशी पोचलेली. बांबू पुरलेले, एकलीला उपटायचे नाय. आन् पडू नये म्हनून पोरीला झोळीत बांधलेलं, ती गाठ घट्ट, मीच मारलेली. मंग तू काय केलंस, उन्हाच्या आन् झोळीच्या मधी उभी ऱ्हायलीस. पदर पसरला नायस, वारं व्हतं, पदर उडाला असता. नुसती ताठ उभी. तुझी सावली बरोबर तानीच्या तोंडावर.

मी आले तवा तानी लाल झाली व्हती, व्हट सुकलेले, रडायचं बी थांबलेली. तू म्हनालीस, "सोड गाठ. मी हलत नाय." माझी बोटं चालंनात. शेवंतीनं इळ्यानं गाठ कापली. पानी शिंपडलं, पाजलं, दोन घटका झाल्या आन् तानी रडली. तवा तू खाली बसलीस.

सांजच्याला खोपटीत तू मला सगळ्यांसमोर बोललीस.

"झोळी कुठं बांधायची येवढी अक्कल नाय? सकाळीच सांगितलं व्हतं, खालच्या अंगाला बांध म्हनून."

"नाय सांगितलंस."

"सांगितलं व्हतं, हौसे."

"कुनाला सांगितलंस, जांभळाला?"

मथी आत्या म्हनाली, "गप ऱ्हावा गो दोघी, पोर वाचली ना." पन मला लागलं व्हतं. पोर जाता जाता वाचलेली, आन् वर सगळ्यांसमोर अक्कल काढलेली. मी म्हनलं, "तुला काय ठाव पोराचं? तुझी कूस रिकामी."

तवर तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली व्हती. विलास नव्हता. मला तरी येवढंच ठाव.

तू भाकर थापत व्हतीस. तुझा हात थांबला नाय. ती भाकर तव्यावर टाकलीस, पानी लावलंस, उलटलीस, आन् पयली भाकर माझ्या ताटात टाकलीस. "खा," म्हनालीस. "अंगावर पाजतीयास." बस. येवढंच.

आता जे सांगायचं ते त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. हे मला लोकांना सांगायचंच हाय, कारन पुढच्या बाजूला विलासनं तुझं शिक्षन "नाही" असं छापलंय.

सकाळी काम लागायच्या आदी तू मुकादमापुढं जाऊन उभी ऱ्हायलीस. म्हनालीस, एक बाय झोळीपाशी बसंल. बारीबारीनं. आमी पाच जनी हाव, पाच बाऱ्या व्हतील.

"बसलेलीची पाटी कोन उचलंल?"

"चौघी उचलू. सांजच्याला ढीग बघ. कमी भरला तर उद्या यू नको म्हन."

"आन् बारी बदलायची कवा कळनार? येक बाय दिसभर लोळत ऱ्हायली मंग? घड्याळ तर माझ्याकडं."

"ऱ्हाऊ दे तुझ्या हातात. आमाला जांभूळ हाय."

मुकादम हसला. त्याला वाटलं गंमत चाललीया. म्हनला, करा, आठ दिवस बघतो.

जांभळाच्या सावलीचा शेंडा कुठनं कुठं जातो ते तू आदल्या दिवशीच बघून ठेवलं असशील. त्या वाटंवर तू दगड मांडलेस. चार हात मोजायचे, एक दगड. पुन्ना चार हात, पुन्ना दगड. शेंडा दगडावर आला का बारी बदलायची. सरळ हिशोब. आन् पयल्याच दिशी भांडन.

पयली बारी पारूची. ती म्हनाली, "मी टेकते ना टेकते तवर तुमी उठा म्हनालात." मधली बारी मथी आत्याची. आत्या बसली ती बसलीच. आमी पाट्या टाकून टाकून मेलो, शेंडा काय दगडापर्यंत जायना. पारू खालनं वरडली, "आत्या, दगड मांडीखाली घेऊन बसलात का काय?"

आत्या वरनं म्हनाली, "मी काय करू गो, सावलीच हलंना. देवाची मर्जी."

"देवाची मर्जी बरी तुमच्याच बारीला."

संध्याकाळच्या बारीला शेवंती, तिची बारी डोळा मिटून उघडंतवर गेली. दोघी बहिनी तुझ्यावर घसरल्या. तू सासूकडच्यांचं बघतीस, म्हनाल्या. आपल्या मानसाला दुपारची बारी दिलीस. मुकादम छत्रीखालनं ऐकत व्हता आन् दात काढत व्हता. मला वाटलं सपलं सगळं, उद्यापासून तानी पुन्ना एकली.

 दुसऱ्या दिशी तू बारी घेतली नायस, दिसभर पाट्याच उचलल्यास. पन दर चाळीस पाट्या झाल्या का डोक्यावरली पाटी खाली ठेवायचीस, जांभळाकडं जायचीस, शेंडा जिथं आसंल तिथं येक दगड ठेवायचीस, आन् परत यायचीस. तोंडानं मोजत व्हतीस. कुनी बोलायला आलं तर हातानं गप म्हनायचीस. मुकादम म्हनला, "बाय येडी झाली काय?" संध्याकाळी आमी जाऊन बघितलं. सकाळचे दगड लांब लांब. दुपारचे येकमेकाला चिकटलेले, जशी कोंबडीखाली पिल्लं. सांजचे पुन्ना लांब.

तू कंबरेवर हात ठेवून उभी. म्हनालीस, "सावली बी आपल्यासारखीच हाय गो. सकाळी कामाला पळत येते, दुपारी बसते, सांजच्याला घरी पळते. माझी चूक झाली. मी तिला मोजमाप लावलं. तिच्याकडनं घ्यायला पायजेल व्हतं."

त्या दिसापासून बाऱ्या सारख्या. दर आठ दिसांनी तू दगड थोडे सरकवायचीस, कारन ऊन वर वर चाललेलं. ढीग कमी भरला नाय, येक दिस बी नाय. दुसऱ्या टोळीच्या बाया बी मंग आपली पोरं तिथं आनू लागल्या, सहा झोळ्या झाल्या, आन् बारी धरून बसनारी बाय उन्हाच्या आदी झोळ्या हलवायची. बांबू पुरायचे नायत, नुसते टेकवायचे, हे बी तूच शिकवलंस.

मुकादम काय तोंडानं बरं बोलला नाय. पन दगडावर शेंडा आला का तो गुपचूप मनगट बघायचा, मी बघितलंय. आन् येकदा त्याच्या घड्याळाला चावी द्यायची ऱ्हायली. घड्याळ बंद. दुपारपासनं नुसता हात झटकत व्हता, कानाला लावत व्हता. शेवटी छत्रीखालनं हाक मारली, "जनाबाय, किती वाजलं?"

तू पाटी खाली न ठेवता म्हनालीस, "पारूची बारी चालू हाय."

सगळा माळ हसला. बाप्ये टेकाडावर येऊन बघाय लागले काय झालं. माझी छाती येवढी फुगली, बाय, का मला तुझा राग धरून ठेवायला जागाच ऱ्हायली नाय. पन मी तुला काय बोलले नाय. बोलायला पायजेल व्हतं. "कूस रिकामी" म्हनलेलं तोंडातनं बाहेर पडलेलं, ते मागं घ्यायला पायजेल व्हतं. म्हनलं, घरी गेल्यावर बोलू.

घरी आलो. राब भाजायचे दिवस. आपल्या खालच्या वावराच्या बांधावर सगळे ऐन छाटलेले आन् येकच ऐन भरलेला, त्याला कुनी कोयता लावत नव्हतं. त्याची सावली वावरात पडायची, तेवढ्या तुकड्यात भात नुसता वाढायचा, दाना भरायचा नाय. मी सासूला म्हनलं, हा येक कशाला ठेवलाय, छाटून टाकू, भात तरी यील. सासूनं आजूबाजूला बघितलं. म्हनली, "जनीसमोर बोलू नको. तिची पयली पोरगी तिथं हाय. दीड महिन्याची. रस्त्याच्या कामावर ऊन लागून गेली. तू यायच्या आदी."

मी तिथंच बांधावर बसले.

म्हंजे तू पाटी टाकून पळालीस ते काय बघून पळालीस, ते मला त्या दिशी कळलं. दगड कशापायी मांडलेस ते बी. आन् मी तुला काय बोलले, ते बी.

त्यानंतर इतकी वर्षं येका चुलीवर, मंग दोन चुलींवर, पन येकाच अंगनात काढली. तू मला पोरीचं कधी सांगितलं नायस. मला ठाव हाय हे मी तुला कधी सांगितलं नाय. मी त्या ऐनाच्या सावलीतलं भात दर साल लावलं, कापलं, पोचट निघालं, आन् येका शब्दानं बोलले नाय. तेवढंच मला जमलं. आन् "सकाळी सांगितलं व्हतं"वरनं मात्र दर वर्षी भांडलो. तानी माहेरी आली का तू सुरू. "तुझ्या आयशीला सकाळीच सांगितलं व्हतं खालच्या अंगाला बांध म्हनून." "नाय सांगितलंस." तानी हसायची. तिला वाटायचं दोघी म्हाताऱ्या गंमत करतात. गंमतच व्हती म्हना. दुसरं जे बोलायचं ते बोलता येत नव्हतं म्हनून हे बोलायचो.

तानीची हळद आठवते? भावजी जाऊन तवा दुसरं वरीस. तानीला अंगनात पाटावर बसवलेली. तू ताट घेऊन आलीस आन् अंगनाच्या कडंलाच थांबलीस. सांजचं ऊन, तुझी सावली लांब पडलेली, पाटापर्यंत. तू ती बघितलीस आन् दोन पावलं मागं सरलीस. नवऱ्याकडची येक बाय म्हनाली, "हां, बरं केलं. इधवेची सावली नवरीवर नको."

मी तशी बोलनारी नाय, बाय, तुला ठाव हाय. पन त्या दिशी बोलले. म्हनलं, "ही पोर आज पाटावर बसलीया ती हिच्याच सावलीनं. ज्याला चालत नसंल त्यानं आपली गाडी बघावी."  तुझ्या हाताला धरून मी तुला पाटापाशी आनली. तानीनं वर बघितलं, आन् तुझी सावली पुन्ना येकदा तिच्या तोंडावर पडली. हळद पयली तू लावलीस.  मंग तू माझ्या कानात म्हनालीस, "सकाळी सांगितलं व्हतं, हौसे." मी म्हनलं, "नाय सांगितलंस." आन् दोघी रडलो.

आता मंगळवारचं सांगते, ते तुला ठाव नाय.

तू पहाटे गेलीस. विलास नाशकावरनं यायचा, त्याला दुपार व्हनार. पोरांनी तुला उचलून अंगनात घराच्या मागच्या अंगाला ठेवलं, तिथं सकाळी सावली व्हती. मी आतनं काठी टेकत आले. म्हनलं, तिथं नको, पुढच्या अंगाला ठेवा. सगळे म्हनाले, काकू, पुढं ऊन हाय. मी म्हनलं, आता हाय, घटकाभरानं पत्र्याची सावली तिथं यील ती सांजपर्यंत हलायची नाय. मागं ठेवलंत तर विलास येईस्तवर तोंडावर ऊन यील. येक पोरगा हळूच म्हनाला, "मेल्या मानसाला काय ऊन?" त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. मी काठी आपटली. त्यांनी उचललं.

सावली यायला जरा टाइम व्हता. तेवढा येळ मी उभी ऱ्हायले, उन्हाच्या आन् तुझ्या मधी. ऊन वर आलेलं, माझी सावली येवढीशीच, आन् मी बी आता वाकलेली. पन तुझ्या तोंडापुरती पुरली. मला खुर्ची आनून दिली, मी बसले नाय. बसले असते तर सावली सरकली असती. प्राचीनं इचारलं, आजी, काय करतीयास. म्हनलं, माझी बारी चालू हाय.

मंग पत्र्याची सावली आली. पायावर, मंग छातीवर, मंग तोंडावर. विलास आला तवा तू सगळी सावलीत व्हतीस. तिरडी उचलंपर्यंत येकदा बी हलवावं लागलं नाय. सगळ्यांनी बघितलं. मला रडू आलं नाय, बाय. मला बरं वाटलं. म्हनलं, बघ, येवढ्या वर्षांनी का व्हईना, शिकले.

आन् ते कुशीचं बोलले ते मी मागं घेते. तोंडानं नाय जमलं, कागदावर घेते. प्राची लिवताना थांबली हितं, तिला हे ठाव नव्हतं. आता तिला ठाव झालं, तानीला व्हईल, विलासला बी व्हईल का त्याच्या आदी त्याला येक बहीन व्हती. तू रागावशील. रागाव. पुढच्या बाजूला विलासनं "पश्चात एक मुलगा" लिवलंय ते बरोबर हाय, पन त्या ऐनाखाली जी हाय ती बी तुझीच. तो ऐन मी हाय तवर कुनी छाटनार नाय. मंग प्राची बघंल, तिनं कबूल केलंय.

सकाळी सांगितलं व्हतंस, बाय. आसंल सांगितलेलं. मीच ऐकलं नसंल.

हा कागद ज्याच्या हातात पडंल त्याच्याकडं येकच मागते. आपल्याकडं अजून रस्त्याची कामं निघतात, वीटभट्ट्या लागतात, बाया पोरं घेऊन येतात. जाता येता कुठं झोळी बांधलेली दिसली आन् तिच्यावर ऊन आलेलं दिसलं, तर थांबा. गाडी बाजूला घ्या. आदी पोराच्या आन् उन्हाच्या मधी उभे ऱ्हावा, मंग झोळी सरकवा. कुनाचं पोर हाय ते मागनं इचारा.